पावणेदोन भागिले अर्धा

पावणेदोन भागिले अर्धा किती? साडेतीन. भागणारा अपूर्णांक उलटा करून गुणायचे, हे शाळेत सर्वांनीच घोकलेले असते. पण या गणितावर एक गोष्ट रचा, असे म्हटले तर? बरेच जण पावणेदोन भाकऱ्या दोघांत वाटून मोकळे होतील. पण ते झाले भागिले दोन! पावणेदोन किलो साखरेच्या अर्ध्या-अर्ध्या किलोच्या पुड्या किती, हा खरा प्रश्न.

लिपिंग मा या संशोधिकेने हाच प्रश्न अमेरिकेतल्या २३ आणि चीनमधल्या ७२ शिक्षकांना विचारला. चिनी शिक्षकांनी उत्तर तर सगळ्यांनी बरोबर काढलेच, बहुतेकांनी गोष्टही रचली. अमेरिकी शिक्षकांना ती जवळजवळ जमलीच नाही. गंमत म्हणजे कॉलेजचे शिक्षण अमेरिकी शिक्षकांचे अधिक होते! मग चिनी शिक्षक हे शिकले कुठे? नोकरीत. शाळेत एकत्र बसून, धड्याचा कीस काढत.

शिक्षक शिकतो कसा, हा विषय आज जागतिक परिषदांत चर्चिला जातो. गणितशिक्षणाचा आंतरराष्ट्रीय आयोग १९०८ साली रोममध्ये स्थापन झाला. त्याची पहिली जागतिक परिषद १९६९ मध्ये फ्रान्समधील लिआँ येथे भरली. पुढे ती दर चार वर्षांनी भरू लागली. शांघायची परिषद महासाथीमुळे २०२१ पर्यंत लांबली. २०२४ ची सिडनीत झाली. आपल्याकडे मुंबईच्या होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्राने २००४ साली गोव्यात अशीच एक आंतरराष्ट्रीय परिषद घेतली होती.

अशा ठिकाणी जाऊन शिक्षकाने आणायचे काय? प्रमाणपत्र नव्हे, चुकीकडे पाहण्याची दृष्टी. एक द्वितीयांश अधिक एक तृतीयांश बरोबर दोन पंचमांश, असे मूल लिहिते. आपण लाल फुली मारतो. पण दोनपैकी एक नेम लागला, मग तीनपैकी एक लागला, म्हणजे पाचपैकी दोन लागले, असे ते मोजत असेल तर? नेमांचा हिशेब बरोबरच आहे. ती अपूर्णांकांची बेरीज नव्हे, एवढेच. 'कसे काढलेस?' असे विचारल्याशिवाय हे कळत नाही.

सिडनीला सगळ्यांना जाता येणार नाही. पण आठवड्यातून तासभर शाळेतल्या चार शिक्षकांनी एक चुकलेले गणित मध्ये ठेवून बसायला विमानाचे तिकीट लागत नाही. त्या तासात माहितीचे तक्ते भरायला लावू नयेत, एवढेच!