पैसा कार्डात, प्रोसेसर बेताचा

दुकानात पहिला प्रश्न हमखास येतो, ‘आय५ की आय७?’ गेमिंगपुरता तो दुय्यम आहे. पडद्यावरचं दृश्य रंगवतं ग्राफिक्स कार्ड. मधल्या बजेटचा सर्वांत मोठा वाटा त्याचाच. आरटीएक्स ४०६० च्या जोडीला ६ कोअरचा रायझन ५ ५६०० किंवा कोअर आय५-१२४००एफ पुरे.

नावातल्या ‘एफ’कडे नीट पाहा. अशा प्रोसेसरमध्ये अंगभूत ग्राफिक्स नसतं, त्यामुळे ‘कार्ड पुढच्या पगारात घेऊ’ म्हणणाऱ्यांचा मॉनिटर महिनाभर काळाच राहणार. ५६०० चंही तेच. रायझन ५ ७६०० मध्ये जेमतेम कामापुरतं ग्राफिक्स असतं. पण त्याला एएम५ बोर्ड आणि डीडीआर५ रॅम लागते.

कार्ड घेताना व्हीरॅम बघा. ४०६० मध्ये ती ८ जीबी, तर आधीच्या ३०६० च्या मूळ आवृत्तीत १२ जीबी. तरी वेगात ४०६० सहसा पुढे, आणि वीजही कमी खातं: ११५ वॅट, ३०६० चे १७०. १०८०पी वर ८ जीबीत भागतं. नव्या गेममध्ये टेक्श्चर ‘अल्ट्रा’वर नेलं की मात्र गेम अडखळू लागतो.

जुन्या पीसीत नेमकं काय बदलायचं? गेमचं रिझोल्यूशन उतरवून पाहा. फ्रेम वाढल्या तर कार्ड तोकडं. जागच्या हलल्या नाहीत, तर बहुधा प्रोसेसर. त्याआधी व्ही-सिंक बंद करा, आणि मॉनिटरची केबल मदरबोर्डाऐवजी कार्डालाच लावलीय ना, तेही बघा.