मधल्या फळीतला माणूस

नाशिकच्या दिंडोरी तालुक्यातल्या मोहाडीची द्राक्षं हंगामात युरोपला रवाना होतात, आणि युरोपचा फुटबॉल रात्री मोबाइलवरून दिंडोरीत येतो. फुटबॉलपटू हालांडचं नाव आता इथल्या शाळकरी पोरांनाही नवं नाही. पण ज्याने त्याच्या नॉर्वेला १९९८ नंतर प्रथमच विश्वचषकाची पात्रता मिळवून दिली, तो प्रशिक्षक स्टाले सोलबाकन फारसा कुणाला ठाऊक नसतो. सोलबाकन हा मधल्या फळीतला खेळाडू. १३ मार्च २००१ रोजी कोपनहेगनमध्ये सरावाच्या वेळी त्याचं हृदय थांबलं. डॉक्टरांनी त्याला परत आणलं, पण खेळ तिथेच संपला. मग तो नॉर्वेतल्या हामारच्या छोट्याशा हामकाम क्लबचा प्रशिक्षक झाला आणि दुसऱ्याच मोसमात त्या क्लबाला वरच्या श्रेणीत घेऊन गेला. नोव्हेंबर २०२५ मध्ये त्याच्या नॉर्वेने मिलानमध्ये इटलीला ४-१ असं हरवलं.

खेळणं थांबल्यावर छोट्या संघापासून सुरुवात करून देशाच्या संघापर्यंत पोहोचलेला मधल्या फळीतला खेळाडू आपल्याकडेही आहे. खालिद जमील. त्यांचा जन्म १९७७ चा, कुवेतमधला. आखाती युद्धाच्या काळात कुटुंब मुंबईला आलं आणि फुटबॉलपटू म्हणून ते याच शहरात घडले.

त्या मुंबईचा फुटबॉल कंपन्यांच्या जिवावर उभा होता. टाटा, ओर्के मिल्स, महिंद्रा, एअर इंडिया अशा संघांच्या लढती कूपरेज मैदानावर रंगत. हारवूड लीग होती, १८९१ पासूनचा रोव्हर्स कप होता. खेळाडूला नोकरीचा आधार असे आणि जुने खेळाडूच नव्यांना शिकवत. खालिद महिंद्रा युनायटेड आणि एअर इंडियाकडून खेळले, भारताकडूनही खेळले. कोलकात्याच्या दोन्ही मोठ्या क्लबांकडून त्यांना बोलावणं आलं होतं. दोघांचे प्रायोजक मद्यकंपन्या होत्या, म्हणून त्यांनी नकार दिला. दिंडोरीचं नाव देशात अनेकांनी वाइनच्या बाटलीवर वाचलेलं आहे आणि इथली कितीतरी घरं द्राक्षावर चालतात, त्यामुळे या नकारातून मला कुणाला उपदेश करायचा नाही. पण देशातला सर्वांत मोठा प्रेक्षकवर्ग त्या तत्त्वापायी सोडणं सोपं नव्हतं, आणि त्यामुळेच ते मुंबईत राहिले. २००५-०६ मध्ये महिंद्रा युनायटेडने राष्ट्रीय फुटबॉल लीग जिंकली तेव्हा खालिद त्याच क्लबात होते. तोवर दुखापतींनी त्यांचा खेळ पुष्कळ खाल्ला होता.

२००७ मध्ये मुंबई एफसी स्थापन झाला. खालिद तिथे खेळाडू म्हणून गेले आणि २००९ मध्ये, वयाच्या बत्तिसाव्या वर्षी, त्याच संघाचे प्रशिक्षक झाले. पुढची सात वर्षं त्यांनी तो संघ सांभाळला. एकही मोठा चषक आला नाही, पण संघ एकदाही खालच्या श्रेणीत घसरला नाही. बचाव घट्ट ठेवायचा, चेंडू मिळाला की झटपट पुढे जायचं, आणि कुणी आळस केला तर खपवून घ्यायचं नाही, अशी त्यांची पद्धत. देखणा खेळ म्हणून कुणी त्याची तारीफ केली नाही. माझ्या मते त्यांच्या कारकिर्दीतला सर्वांत महत्त्वाचा काळ हाच. हाताशी जे आहेत त्याच खेळाडूंतून संघ कसा उभा करायचा, हे ते इथे शिकले.

२०१६ मध्ये मुंबईने त्यांना सोडलं आणि मिझोरामच्या आयझॉल एफसीने घेतलं. हा क्लब आदल्या मोसमात खालच्या श्रेणीत गेला होता. गोव्याच्या क्लबांनी आय-लीगमधून अंग काढून घेतलं म्हणून त्याला पुन्हा जागा मिळाली. खालिदनी मुंबईहून जयेश राणे आणि आशुतोष मेहता यांना सोबत नेलं. सीरियाचा महमूद अल आमना मधल्या फळीत आला, बाकी बहुतेक पोरं मिझोरामची. २२ एप्रिल २०१७ रोजी आयझॉलने घरच्या मैदानावर मोहन बागानला १-० ने हरवलं. ३० एप्रिलला शिलाँगमध्ये तिथल्याच लाजाँग क्लबाशी शेवटचा सामना, आणि विजेतेपदाला बरोबरी पुरेशी. लाजाँगने नवव्या मिनिटालाच गोल केला. सदुसष्टाव्या मिनिटाला विल्यम लालनुनफेलाने बरोबरी साधली. आयझॉलचे ३७ गुण, मोहन बागानचे ३६. ईशान्येतल्या क्लबाने देशाची लीग प्रथमच जिंकली.

पुढे ईस्ट बंगाल आणि मोहन बागान, ज्यांच्याकडे खेळायला नकार दिला होता त्याच दोन क्लबांचे ते प्रशिक्षक झाले. दोन्हीकडे फार काळ टिकले नाहीत. २०२१ च्या जानेवारीत नॉर्थईस्ट युनायटेडने परदेशी प्रशिक्षकाला मोसमाच्या मध्यावर काढलं आणि खालिदना तात्पुरतं बसवलं. त्यांनी संघाला बाद फेरीत नेलं. इंडियन सुपर लीगमध्ये हे करणारे ते पहिले भारतीय. पुढच्या वर्षी तोच संघ दहावा आला. मग खालच्या श्रेणीतला बंगळुरू युनायटेड, आणि तिथून जमशेदपूर. एवढं यश गाठीशी असलेला माणूस पुन्हा खाली उतरून काम करतो, याचं मला मनापासून कौतुक वाटतं.

१ ऑगस्ट २०२५ रोजी ते भारताचे मुख्य प्रशिक्षक झाले. गोव्याच्या सावियो मेदेइरांनंतर या जागी भारतीय माणूस यायला तेरा वर्षं लागली. सुपर लीग तेव्हा अधांतरी होती आणि मोहन बागानने राष्ट्रीय संघासाठी आपले खेळाडू सोडले नाहीत. तरी ताजिकिस्तानला त्यांच्याच देशात २-१ ने हरवून आणि ओमानला पेनल्टीवर नमवून भारताने मध्य आशियाई स्पर्धेत तिसरा क्रमांक मिळवला. हा आनंद ऑक्टोबरपर्यंतच टिकला. मडगावात सिंगापूरने २-१ ने हरवलं आणि २०२७ च्या आशिया चषकाची वाट बंद झाली. नोव्हेंबरमध्ये ढाक्यात बांगलादेशाकडूनही पराभव झाला. टीका झाली, ती रास्तही होती. पण काही महिन्यांच्या निकालांवरून या माणसाचं माप काढणं मला पटत नाही. मुंबईत त्यांना सात वर्षं मिळाली होती.

महिंद्रा युनायटेड २०१० मध्ये बंद झाला. मुंबई एफसीही आता नाही. ज्या संघांनी खालिदना खेळाडू आणि नंतर प्रशिक्षक केलं, ते दोन्ही गेले. २०१७ मध्ये सतरा वर्षांखालील विश्वचषकाच्या निमित्ताने राज्य सरकारने शाळाशाळांत फुटबॉल वाटले आणि एका दिवशी लाखो मुलांना खेळायला उतरवलं. चेंडू पोहोचले, पण शिकवणारा माणूस असा वाटता येत नाही.

शिकवणारा एका जागी टिकला तर काय होतं, हे नाशिकने धावण्याच्या खेळात पाहिलं आहे. प्रशिक्षक विजेंदर सिंग भोसला मिलिटरी स्कूलच्या मैदानावर वर्षानुवर्षं पाय रोवून राहिले. सावरपाड्याची कविता राऊत २०१० च्या राष्ट्रकुल स्पर्धेत दहा हजार मीटरचं कांस्य घेऊन आली. दिंडोरी तालुक्यातली मोनिका आथरे २०१७ मध्ये लंडनच्या जागतिक स्पर्धेत मॅरेथॉन धावली. दोघी त्यांच्याच शिष्या, साध्या घरांतल्या, आदिवासी आणि शेतकरी पट्ट्यातल्या.

फुटबॉल प्रशिक्षकाच्या शिक्षणात सुरुवातीच्या पायऱ्यांत ‘डी’ लायसन्स येतं. दिंडोरी, वणी किंवा मोहाडीच्या एखाद्या क्रीडाशिक्षकाला ते करायचं असेल, तर शाळेने त्याला तेवढे दिवस सुट्टी द्यावी, फी कुणीतरी भरावी, आणि परत आल्यावर निदान सात वर्षं त्याच मैदानावर राहू द्यावं.