गुळवेल : अमृत, पण बेतानेच!

हॉस्टेलमध्ये एकाला ताप आला की सल्ला द्यायला दहा जण हजर! त्यातला एकजण तरी म्हणतोच, "गुळवेलीचा काढा घे रे, नॅचरल आहे, साइड इफेक्ट नाही." यातलं किती खरं, ते बघूया.

गुळवेल म्हणजे संस्कृतातली गुडूची किंवा अमृता. शास्त्रीय नाव टिनोस्पोरा कॉर्डिफोलिया. पानं हृदयाच्या आकाराची, चव कडूजहर. ही वेल झाडावर, कुंपणावर चढते आणि दोऱ्यासारखी मुळं खाली सोडते. औषधात मुख्यतः खोड वापरतात. खोड ठेचून पाण्यात कुस्करलं की तळाशी पांढरा साका बसतो. तो वाळवला की झालं गुळवेल सत्त्व.

फायदे

आयुर्वेदात ताप, मधुमेह, सांध्यांचे विकार यांवर गुळवेल शतकानुशतकं वापरली जाते. ती रोगप्रतिकारशक्तीला चालना देते आणि रक्तातली साखर कमी करते, असं प्रयोगशाळेत आणि प्राण्यांवरच्या प्रयोगांत दिसलं आहे. माणसांवरचे मोठे अभ्यास मात्र कमी आहेत.

धोके

कोरोनाच्या काळात घरोघरी काढे उकळू लागले. 2021 मध्ये मुंबईच्या डॉक्टरांनी गुळवेल घेतल्यावर यकृताला इजा झालेल्या 6 रुग्णांची नोंद प्रसिद्ध केली. आयुष मंत्रालयाने त्यावर आक्षेप घेतला. त्यांचं म्हणणं, गुळवेल सुरक्षित आहे. रुग्णांनी घेतलेली वनस्पती तपासलेली नाही, ती टिनोस्पोरा क्रिस्पा ही दिसायला सारखी दुसरी वेलही असू शकते. पण 2022 मध्ये देशातल्या 13 केंद्रांमधल्या अशाच 43 रुग्णांचा अभ्यास आला. त्यातल्या बऱ्याच जणांत ऑटोइम्यून आजाराच्या खुणा होत्या, म्हणजे शरीराची प्रतिकारशक्ती स्वतःच्याच यकृतावर उलटलेली. चालना नको तिथे मिळाली तर दुसरं काय होणार!

काळजी

यकृताचा किंवा ऑटोइम्यून आजार असेल, तर गुळवेलीपासून लांबच राहा. मधुमेहाच्या गोळ्या चालू असतील तर साखर एकदम उतरू शकते. गरोदरपणात आणि ऑपरेशनच्या आधी डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊ नये. रस्त्याकडेची वेल ओळखीशिवाय तोडू नका. आणि महिनोन्‌महिने रोज काढा तर नकोच.

भूक मेली, मळमळ सुरू झाली, लघवी गडद झाली, डोळे पिवळे दिसले, की काढा ताबडतोब बंद आणि थेट डॉक्टरकडे. कावीळ झाली की आपण आधी मेसच्या पाण्याला शिव्या घालतो, आणि काढ्याचं सांगायचं राहूनच जातं. डॉक्टर विचारतात, "काही औषध चालू आहे का?" आपण म्हणतो, "नाही." कारण काढा हे औषध आहे, असं आपल्याला वाटतच नाही!

ज्याने गुण येतो, त्याने अवगुणही येऊ शकतो. म्हणून गुळवेलीला औषधाचा मान द्या : वैद्यांना विचारून, मोजून आणि ठरावीक दिवसच घ्या.