वॉर्साचे महासिनॅगॉग
पोलंडची राजधानी वॉर्सा येथील ज्यूंचे प्रसिद्ध प्रार्थनामंदिर (१८७८–१९४३). ते त्वोमात्स्क्ये रस्त्यावर उभे होते. लेआंद्रो मार्कोनी या वास्तुशिल्पज्ञाच्या आराखड्यानुसार १८७५ मध्ये बांधकामास प्रारंभ झाला व २६ सप्टेंबर १८७८ रोजी ते उपासनेसाठी खुले करण्यात आले. स्तंभयुक्त दर्शनी मंडप, घुमट आणि २,००० हून अधिक उपासकांची आसनव्यवस्था ही त्याची वैशिष्ट्ये होत.

त्या वेळी वॉर्सा रशियन साम्राज्याच्या अधिपत्याखाली होते. तरीही धर्मोपदेशक इझाक त्सिल्कोव्ह यांनी उद्‌घाटनाचे प्रवचन पोलिश भाषेत केले. ज्यू धर्म पाळून पोलिश भाषा व संस्कृती आपली मानणाऱ्या सुशिक्षित वर्गाचे हे केंद्र बनले. गेर्शोन सिरोटा यांच्यासारख्या प्रार्थनागायकामुळे त्याची कीर्ती देशाबाहेर पसरली. १९३६ मध्ये लगतच ज्यूविद्येच्या ग्रंथालयाची इमारत पूर्ण झाली.

जर्मनीने १९३९ मध्ये पोलंड जिंकले व नोव्हेंबर १९४० मध्ये वॉर्सातील ज्यूंना तटबंद वस्तीत (घेटो) कोंडले. जुलै ते सप्टेंबर १९४२ या काळात तेथील अडीच लाखांहून अधिक लोकांना ट्रेब्लिंका येथील संहारछावणीत पाठविण्यात आले. उरलेल्यांनी १९ एप्रिल १९४३ रोजी सशस्त्र उठाव केला. तो चिरडल्यावर १६ मे रोजी रात्री सव्वाआठ वाजता एस्. एस्. दलाचा अधिकारी युर्गेन श्ट्रोप याने सिनॅगॉग सुरुंगांनी उडवून दिले. तोवर ही वास्तू घेटोच्या हद्दीबाहेर गेली होती. तिला लष्करी महत्त्व उरले नव्हते. तरीही श्ट्रोपने आपल्या अहवालात या स्फोटाची नोंद मोहिमेची समाप्ती म्हणून केली. एका समाजाचे अस्तित्व पुसल्याची ती खूण होती. श्ट्रोपला १९५२ मध्ये वॉर्सातच फाशी देण्यात आले.

शेजारचे ग्रंथालय आगीने होरपळले, तथापि कोसळले नाही. याच इमारतीत इतिहासकार इमॅन्युएल रिंगेलब्लूम यांचा गट घेटोतील जीवनाची कागदपत्रे गुप्तपणे जमवीत असे. ती पत्र्याच्या पेट्यांत व दुधाच्या कॅनमध्ये भरून जमिनीत पुरण्यात आली. रिंगेलब्लूम यांची १९४४ मध्ये हत्या झाली. पण पुरलेल्या संग्रहाचे दोन भाग १९४६ व १९५० मध्ये हाती आले. १९९९ मध्ये यूनेस्कोने त्याचा जागतिक स्मृतिनोंदवहीत समावेश केला. १९४७ पासून या इमारतीत असलेली ज्यू इतिहास संस्था तो जतन करते. सिनॅगॉगची पुनर्बांधणी झाली नाही. त्याच्या जागी १९९१ मध्ये पूर्ण झालेली काचेची उंच इमारत आहे.