कुडाच्या घरातील न्हाणीघरास पाणीरोधक अस्तर

भोर व वेल्हे (आता राजगड) या तालुक्यांच्या पश्चिम भागात सह्याद्रीचा पाऊस फार पडतो. येथील जुन्या घरांत लाकडी खांबांमध्ये कारवीच्या काठ्यांचा कूड उभारून त्यावर शेणमातीचा गिलावा देण्याची रीत आहे. कोठे कोठे ऊब राहावी म्हणून दोन कुडांमध्ये भाताचा पेंढा भरतात. ही भिंत स्वस्त व उबदार असते. परंतु पाणी हा तिचा शत्रू होय. आता घरातच न्हाणीघर करण्याकडे लोकांचा कल आहे. अशा वेळी भिंतीस योग्य अस्तर न दिल्यास पेंढा कुजतो, ओलसर लाकडास वाळवी लागते आणि खांबाचा पाया आतल्या आत पोखरला जातो. नुकसान दिसू लागते तेव्हा बहुधा खांबच बदलावा लागतो.

मुख्य तत्त्व

भिंतीची एकच बाजू बंद करावी. न्हाणीकडील बाजू पाण्यास पूर्णपणे बंद असावी. बाहेरील बाजूने भिंतीस श्वास घेता आला पाहिजे. पावसाळ्यात बाहेरून प्लास्टिकचे कापड घट्ट बांधले आणि आतून तक्ते बसविले, तर मधली ओल कोंडून राहते. म्हणून बाहेरचा आडोसा भिंतीपासून चार बोटे दूर बांधावा व पाऊस संपताच काढून टाकावा.

कामाचा क्रम

१. प्रथम भिंत कोरडी असल्याची खात्री करावी. हे काम उन्हाळ्यातच करणे इष्ट. भिजलेला पेंढा काढून कोरडा भरावा. खांब दगडी तळखड्यावर उभा आहे की नाही, हेही पाहावे.

२. नंतर जमीन करावी. मोरीच्या दिशेने दर मीटरला सुमारे २ सें. मी. उतार द्यावा. पाणीरोधक मिश्रण घातलेला सिमेंटचा गिलावा जमिनीवरून भिंतीवर १५ सें. मी. चढवावा.

३. शेणमातीच्या गिलाव्यात स्क्रू धरत नाही. म्हणून खांबांना लाकडी पट्ट्या माराव्यात. खांब जवळजवळ असतील तर पट्ट्या खांबांवरच उभ्या माराव्यात. खांब दूर असतील तर आधी आडव्या, त्यांवर उभ्या माराव्यात. उभ्या पट्ट्यांतील अंतर ४० सें. मी. पेक्षा अधिक नसावे. पट्ट्यांमागे राहिलेल्या पोकळीचे वरचे तोंड उघडे ठेवावे.

४. तक्ते फायबर सिमेंटचे अथवा पीव्हीसीचे घ्यावेत. ते जस्ताचा मुलामा दिलेल्या स्क्रूने बसवावेत. खिळे कालांतराने सैल होतात. तक्त्याची खालची कड चढविलेल्या गिलाव्याच्या पुढे यावी, म्हणजे छपराच्या कौलाप्रमाणे वरचे पाणी खालच्यावर पडेल. ती कड जमिनीस मात्र टेकू नये; ५ ते ६ मि. मी. फट ठेवावी.

५. कोपरे, सांधे, खालची फट व नळाभोवतीची जागा सिलिकॉनने बुजवावी. एक दिवस पाणी लावू नये.

घ्यावयाची काळजी

पाणी तापविण्याची चूल वा बंब यांच्याजवळ पीव्हीसीचे तक्ते लावू नयेत; ते उष्णतेने वाकतात. ॲस्बेस्टॉसचे जुने पत्रे कापू नयेत. त्यांची धूळ फुप्फुसांस अत्यंत अपायकारक आहे. इतर सिमेंटचे तक्ते कापताना नाकातोंडावर योग्य मास्क लावावा.

काम पुरे झाल्यावर अर्धा तास भिंतीवर पाणी सोडावे आणि बाहेरून खांबाच्या पायाशी हात लावून पाहावे. ओल जाणवल्यास सांधा पुन्हा बुजवावा. पुढे दरवर्षी पावसापूर्वी ही परीक्षा करावी.

न्हाणीचे पाणी भिंतीलगत मुरू देऊ नये. ते नळीने परसबागेतील केळी-अळूस द्यावे, किंवा घरापासून व विहिरीपासून दूर शोषखड्डा घेऊन त्यात सोडावे. ग्रामपंचायत अधिकाऱ्यांनी गावात असे एक न्हाणीघर नमुन्यादाखल करून दाखविल्यास इतरांस ते पाहून शिकता येईल. थोड्या पट्ट्या व थोडी दक्षता यांनी वाडवडिलांच्या घराचे खांब टिकतील, हे शेतकरी बंधुभगिनींनी ध्यानात घ्यावे.