चिमटीतले परार्ध
वरणात हळद घालताना चिमूट कोणी मोजत नाही. अर्धा ग्रॅम धरू. तिला पिवळेपणा देणारं कर्क्युमिन त्यात साधारण ३ टक्के, म्हणजे १५ मिलिग्रॅम. फुंकर मारली तर उडून जाईल इतकं.

त्यातले रेणू मोजायला कोटी-अब्ज पुरत नाहीत. भास्कराचार्यांनी ११५० साली ‘लीलावती’त एकावर सतरा शून्यं येईपर्यंतच्या संख्यांना नावं दिली, शेवटचं परार्ध. चिमटीत असे सुमारे २४५ परार्ध रेणू भरतात. जगातल्या आठशे कोटी माणसांना वाटले, तर प्रत्येकाच्या पदरात तीनशे कोटी पडतील.

एवढी फौज पोटात उतरल्यावर जंतूंची काय बिशाद! प्रयोगशाळेतल्या बशीत ती खरंच लढते. गळवांमागचा नेहमीचा जंतू, स्टॅफिलोकॉकस ऑरियस, तिच्यापुढे वाढत नाही. फक्त त्यासाठी दर मिलिलिटरला शंभर-दोनशे मायक्रोग्रॅम कर्क्युमिन लागतं. आता रक्तात किती पोचतं ते पाहा. १९९८ साली बंगळूरच्या सेंट जॉन्स मेडिकल कॉलेजमधल्या संशोधकांनी निरोगी माणसांना एका वेळी २ ग्रॅम शुद्ध कर्क्युमिन दिलं. हळदीच्या हिशेबात १३० चिमटी. रक्तात दर मिलिलिटरला मायक्रोग्रॅमचा शंभरावा भागही सापडला नाही. सोबत मिऱ्यातलं २० मिलिग्रॅम पिपेरिन दिलं, तेव्हा प्रमाण वीस पट झालं. वीस पट! गोळ्यांच्या डबीवर हे ठळक छापतात, कशाच्या वीस पट ते नाही. जंतूला लागणारी मात्रा तरीही शेकडो पट दूरच.

मग बाकीचं जातं कुठं? आतडं आणि यकृत त्याचं रूप पालटून त्याला बाहेरची वाट दाखवतात. शिवाय ते मुळात नाजूक. सामू ७.२ असलेल्या, म्हणजे रक्ताच्या जवळपास जाणाऱ्या फॉस्फेटच्या द्रावणात, अर्ध्या तासात ९० टक्के मोडून जातं. ऑक्सिडीकरण रोखणारं म्हणून ज्याचा गाजावाजा, ते स्वतःच असं चटकन विरून जातं. क्षाराशी असलेलं त्याचं हे वाकडं घरातही दिसतं. सदऱ्यावर आमटी सांडली आणि साबण चोळला की डाग लालभडक होतो. हळदीला चुना लावून कुंकू करतात ते याच करामतीवर. मग तोच सदरा उन्हात टाकला की डाग हळूहळू उडतो, कारण प्रकाशही त्याला सोसत नाही.

कापलेल्या बोटावर हळद दाबली तर मध्ये ना आतडं, ना यकृत. पण तिथंही अडचण आहेच: साध्या पाण्यात कर्क्युमिन जवळजवळ विरघळतच नाही, मिलिलिटरला एक मायक्रोग्रॅमसुद्धा नाही. तेलातुपात विरघळतं. आमच्याकडे हळद तेलात कढवायचे, कोमट झाली की कापसाच्या बोळ्यानं लावायचे.