जपानी भोजन आणि आपले रुग्ण

पुण्यामुंबईच्या उपाहारगृहांतून सुशी, रामेन, मिसो सूप हे पदार्थ आता सहज मिळतात. शिक्षणासाठी वा नोकरीनिमित्त जपानला जाणारे मराठी तरुणही बरेच आहेत. साहजिकच "वैद्यराज, हे खाल्लेले चालेल का?" अशी विचारणा चिकित्सालयात होते. "परदेशी अन्न, वर्ज्य करा" हे उत्तर सोपे आहे, पण शास्त्राला धरून नाही. चरकाचार्यांनी विमानस्थानाच्या पहिल्याच अध्यायात अन्नाची परीक्षा प्रकृती, करण, संयोग, राशी, देश, काल, उपयोगसंस्था व उपयोक्ता या आठ अंगांनी करावयास सांगितली आहे. तीच येथेही लावावी.

राशीच्या बाबतीत जपानी परंपरा आपल्याला परकी वाटू नये. भात, एक सूप, दोन-तीन लहान पदार्थ व लोणचे असे तेथील घरगुती ताट असते. कैबारा एक्केन या वैद्यकाच्या अभ्यासकाने १७१३ च्या 'योजोकुन' या ग्रंथात पोट सात-आठ दशांश भरताच थांबावे असे सांगितले आहे. आपल्या त्रिविधकुक्षीय अध्यायाची येथे आठवण व्हावी.

करणाचा विचार मात्र बारकाईने करावा लागतो. बहुतेक जपानी सूप व रस्से 'दाशी' नामक अर्कावर बेतलेले असतात. हा अर्क कोंबू हे समुद्रशैवाल आणि कात्सुओबुशी, म्हणजे शिजवून, धुरी देऊन, वाळवून लाकडासारखा कठीण केलेला मासा, यांपासून काढतात. कोंबूतील याच रुचीचा शोध घेताना इकेदा यांना १९०८ मध्ये ग्लूटामेट सापडले व तिला त्यांनी 'उमामी' असे नाव दिले. तात्पर्य, वाटीत टोफू आणि पालेभाजीच दिसत असली तरी सूप शाकाहारी असेलच असे नाही. शाकाहारी रुग्णास बौद्ध मठांतील 'शोजिन' भोजन सुचवावे. त्यातील दाशी कोंबू व शिताके अळंबीची असते आणि कांदा-लसूणही वर्ज्य असतो. कंदमुळे मात्र असतात, हे जैन रुग्णांस आवर्जून सांगावे.

दुसरा मुद्दा लवणाचा. एक मोठा चमचा सोया सॉसमध्ये सुमारे अडीच ग्रॅम मीठ असते. रामेनचा वाडगा रश्शासह संपविल्यास पाच-सहा ग्रॅम मीठ पोटात जाते. जागतिक आरोग्य संघटनेची मर्यादा दिवसाला पाच ग्रॅमहून कमी अशी आहे. १९५१ ते १९८० या काळात मेंदूतील रक्तवाहिन्यांचे विकार हे जपानमधील मृत्यूचे पहिले कारण होते, आणि लवणाधिक्याचा त्यात मोठा वाटा मानला जातो. उच्च रक्तदाबाच्या रुग्णाने रामेन खावे, पण रस्सा वाडग्यातच ठेवावा. नेहमीच्या सोया सॉसमध्ये गहूही असतो. गव्हाचे वावडे असणाऱ्यांनी ते ध्यानी घ्यावे.

आता सर्वांत महत्त्वाचे, आणि औषधविक्रेते बंधूंनी विशेष लक्ष द्यावे असे. 'नाट्टो' म्हणजे आंबवून तार सुटलेले सोयाबीन. त्यात जीवनसत्त्व 'के' अतिशय मोठ्या प्रमाणात असते. वॉरफेरिन किंवा अ‍ॅसेनोकुमरॉल घेणाऱ्या रुग्णाने ते खाल्ल्यास औषधाचा परिणाम क्षीण होतो, आय.एन.आर. उतरतो व रक्ताची गुठळी होण्याचा धोका वाढतो. एका वेळच्या सेवनाचा प्रभावही काही दिवस राहतो. जपानमध्ये वॉरफेरिन देतानाच नाट्टो वर्ज्य म्हणून सांगतात. कृत्रिम हृदयझडप बसविलेला रुग्ण 'आरोग्यदायी' म्हणून नाट्टोची डबी घेऊन आला, तर त्यास वेळीच थांबविणे आपलेच काम आहे. कोंबूचेही तसेच. प्रौढास दिवसाला १५० मायक्रोग्रॅम आयोडीन पुरते. एक ग्रॅम वाळलेल्या कोंबूत त्याच्या दहापटीहून अधिक असू शकते. थायरॉईडच्या रुग्णाने रोज कोंबूचे पाणी पिणे अयोग्य. सुशीभोवती गुंडाळलेल्या नोरीत मात्र ते त्या मानाने फारच कमी असते. तिचे भय बाळगू नये.

घरी सुशी करावयाची झाल्यास इंद्रायणीसारखा चिकट भात चालतो. व्हिनेगर, साखर, मीठ बेताने घालावे आणि आत काकडी, गाजर किंवा शिजविलेला मासा घ्यावा. बाजारातील मासळी कच्ची वापरू नये, नदीतली तर मुळीच नाही. कृमिनाशासाठी मासा उणे २० अंशांवर निरनिराळ्या देशांच्या नियमांनुसार एक ते सात दिवस गोठवावा लागतो, आणि घरच्या शीतकपाटाची तेवढी खात्री देता येत नाही. गर्भिणीने कच्चा मासा टाळावाच. क्रीम चीज घातलेली माशाची सुशी ही मूळची जपानी नव्हे, अमेरिकी तऱ्हा आहे. मत्स्य-दुग्ध संयोगाविषयी वैद्यांना वेगळे सांगावयास नको.

प्रवासास निघणाऱ्या शाकाहारी व्यक्तीने "मासा, मांस, तसेच माशाचा अर्क चालत नाही" असे जपानीत लिहिलेले कार्ड जवळ ठेवावे. नुसते 'शाकाहारी' म्हटल्याने दाशी टळत नाही. अडचणीच्या वेळी उमेबोशी या खारट-आंबट फळाचे सारण असलेला भाताचा गोळा, ओनिगिरी, रेल्वे स्थानकांवरच्या लहान दुकानांतूनही मिळतो; वेष्टनावरचे घटक तेवढे वाचून घ्यावेत.